हॉटेलात बसल्यावर काय मागवायचं? सोलापूरकरांसाठी पायरीपायरीने

सोलापुरात बाहेर जेवायला जायचं ठरलं की पहिला वाद जागेवरून होतो. मटण कुठलं, भजी कुणाची, सकाळची इडली कुठल्या गाड्यावरची, याबद्दल घराघरात ठाम मतं आहेत आणि ती बदलायला कुणी तयार नसतं. शुगर, बीपी, वजन हे विषय निघतात ते बिल आल्यावर, बडीशेप चघळताना. तेव्हा त्यांचा उपयोग शून्य.

जेवण अंगी लागणार की अंगावर येणार, हे बहुतेक वेळा ऑर्डर देतानाच ठरून जातं. ताट समोर आलं की माणूस खातो. खमंग वास सुटलेला असताना निग्रह फार वेळ टिकत नाही, आणि टिकावा अशी अपेक्षाही करू नये. म्हणून खालचं सगळं ऑर्डरच्या भोवतीचं आहे. त्यासाठी 'हेल्दी' पाटीचं हॉटेल शोधायची गरज नाही. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पिठलं, बाजार आमटी, दही, कांदा-काकडी हे आपल्या साध्या खानावळीत रोज शिजतं. याच्या बाजूने आपण जे आणखी मागवतो, तिथे गणित फसतं.

दोन-चार आकडे डोक्यात असू द्या

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात २,००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात स्वयंपाकाचं तेल-तूप साधारण २७ ग्रॅम धरलंय. म्हणजे पोह्याचे पाच-सहा चमचे, तेही तिन्ही त्रिकाळ मिळून. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे सपाट एक चमचा. जागतिक आरोग्य संघटनाही मिठाचा हाच आकडा सांगते. आणि दिवसभरात जे खातो त्यात वजनाने निम्मा वाटा भाज्या-फळांचा.

आता हे समोरच्या ताटाला लावून बघा. रश्श्याच्या वाटीवर जी लालभडक तर्री तरंगत असते ती एकदा चमच्याने बाजूला काढून पाहा. तीन-चार चमचे सहज निघतात. एक ग्रॅम तेल म्हणजे ९ कॅलरी. निम्म्याहून जास्त दिवसाचं तेल एका वाटीच्या वरच्या थरात संपलं, अजून भाजी यायचीय. भाज्यांचा निम्मा वाटा शोधायला गेलं तर हाती लागतात कांद्याच्या चार चकत्या आणि लिंबाची फोड.

पायरी पहिली: उपाशी जाऊ नका

"रात्री हॉटेलात जायचंय, दुपारी काही नको," हा हिशोब जवळपास प्रत्येक घरात होतो आणि जवळपास प्रत्येक वेळी अंगाशी येतो. कडकडून भूक लागलेला माणूस मेनू वाचत नाही. जे पहिलं दिसेल ते मागवतो, ते येईपर्यंत मसाला पापडाच्या दोन प्लेट संपवतो. दुपारी नेहमीसारखं जेवा. संध्याकाळी पाच-साडेपाचला मूठभर फुटाणे, एखादा पेरू किंवा वाटीभर दही खाऊन निघा. डाळिंबाच्या जिल्ह्यात राहतो आपण (सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय), तर दाणे सोलून घ्या. ज्यूस नको.

वेळेचंही बघा. सोलापुरात रात्रीचं जेवण साडेनऊ-दहाला सुरू व्हायची सवय आहे, शनिवारी-रविवारी तर नंबर लावून बसावं लागतं. आठच्या आत पोचलात तर गर्दी कमी, भाकरी ताजी, वेटरला तुमचं ऐकायला वेळ, आणि झोपायच्या आत दोन-अडीच तास हाताशी.

निघतानाच एक गोष्ट ठरवून टाका: आज 'खास' काय. सुकं मटण खास असेल तर भजी आणि गोड आज नाही. शेंगा पोळी खायचीच असेल तर भात नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलं तर उत्तम, नाहीतर तुमच्यापुरतं ठरवा. बाहेर जाऊन फक्त काकडी खाणाऱ्या माणसाबरोबर जेवायला कुणालाच मजा येत नाही, त्या माणसालाही नाही.

पायरी दुसरी: आत शिरण्याआधी दोन मिनिटं

अन्न सुरक्षा परवान्याचा चौदा आकडी नंबर दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. तो दिसतो का बघा. पण नुसत्या कागदावर विसंबू नका, कढईकडे नजर टाका. तळणाचं तेल काळपट झालंय, वर बारीक फेस धरतोय, आच मंद असतानाही धूर निघतोय, तर ते तेल कितीतरी वेळा तापलेलं आहे. वारंवार तापवलेल्या तेलात जे घातक घटक तयार होतात त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही, असा नियम २०१८ पासून देशभर लागू आहे. तुमच्या खिशात मोजायचं यंत्र नसतं, पण नाक असतं. खवट वास आला की त्या जागी तळलेलं मागवू नका, बाकीचं खाल्लंत तरी चालेल.

सोलापूरचा एप्रिल-मे वेगळा. पारा ४२-४३ अंशांवर असताना दुपारपासून काढून ठेवलेली नारळाची चटणी, चिरून ठेवलेली काकडी, उघड्यावरचं दही यांवर भरवसा ठेवू नये. उकळता रस्सा आणि तव्यावरून उतरलेली भाकरी त्या दिवसांत सगळ्यात सुरक्षित. भाकऱ्या थापणाऱ्या मावशी समोर दिसत असतील तर ती जागा मला आवडते. तिथे भाकरी मागवल्यावर होते, सकाळची गरम करून येत नाही.

पायरी तिसरी: मेनूतले शब्द ओळखा

मेनूकार्डावर पदार्थाच्या नावाच्या मागे-पुढे एखादा शब्द असतो. तो शब्द महत्त्वाचा, कारण पदार्थ कसा शिजवलाय ते तो सांगतो. फ्राय, क्रिस्पी, पकोडा, मंचुरियन म्हणजे तळण. मंचुरियन व्हेज असलं तरी आधी तळलेले गोळे आणि मग कॉर्नफ्लॉवरचा खारट सॉस. मखनी, शाही, मलाई, बटर मसाला म्हणजे काजूची पेस्ट, बटर, क्रीम. पनीर प्रथिनांचं म्हणून मागवायचं आणि ते अशा ग्रेव्हीत बुडवून घ्यायचं, यात पनीरचा फायदा कुठल्या कुठे जातो. पनीरच हवं असेल तर पालक पनीर घ्या किंवा पनीर टिक्का, टिक्क्यावरचं बटर नको म्हणून सांगा.

तंदुरी, भाजलेलं, उकडलेलं, सुकं हे शब्द दिसले की तिथे थांबायला हरकत नाही. दाल फ्राय आणि दाल तडका यांत हॉटेलागणिक फरक असतो, तरी दोन्हींत डाळ आहे आणि डाळ पोट भरते. दाल मखनी हे वेगळं प्रकरण.

शेवभाजीला भाजी म्हणून मोजू नका. तळलेली शेव आणि वर तर्री, त्यात भाजी नावालाही नसते. भरलं वांगं आपलं लाडकं, पण वांग्याचा गर स्पंजासारखा तेल पितो, वर शेंगदाण्याचं वाटण. ते दोघांत एक घ्या. याउलट मटकीची उसळ, अख्खा मसूर, पिठलं, मेथी, डाळकांदा हे मेनूच्या कोपऱ्यात स्वस्तात पडलेले असतात. हॉटेलात येऊन पिठलं काय खायचं, अशी एक लाज असते. ती लाज सोडली की निम्मं काम झालं.

मोठ्या साखळी हॉटेलांचा मेनू वाचायला सोपा असतो. दहा किंवा जास्त शाखा असलेल्यांना, आणि केंद्रीय परवाना असलेल्यांना, २०२२ पासून पदार्थापुढे कॅलरी छापाव्या लागतात. बर्गर-पिझ्झाच्या काउंटरवर तो बारीक अक्षरातला आकडा वाचून मगच बोट दाखवा. मुलांनाही वाचायला लावा, त्यांना त्यात गंमत वाटते.

पायरी चौथी: वेटरशी नीट बोला

ही सगळ्यात कामाची पायरी आणि आपण सगळ्यात जास्त टाळतो तीच. "तेल कमी टाका" असं मोघम सांगून काही होत नाही. पंजाबी भाज्यांची ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यात झालेली असते. तिच्यात पडलेलं तेल आचारी रात्री नऊला काढू शकत नाही. पण शेवटी वरून जे पडतं ते त्याच्या हातात असतं: बटरचा तुकडा, क्रीमची रेघ, तडक्याची पळी, रश्श्यावरची तर्री. तेवढंच नेमकं मागा.

बोलणं साधारण असं होतं:

"दादा, रस्सा आणताना तर्री नको. पळी खालपर्यंत घालून काढायला सांगा."

"तर्री नको म्हणता? मग चव कशाची ओ मालक?"

"चव मसाल्याची. मटण पण सुकंच द्या, वर तेल सोडू नका."

"सांगतो की. भाकरी कडक आणू का मऊ?"

"मऊ. आणि कांदा-काकडीची एक प्लेट आधी आणा, मीठ मारू नका त्यावर."

पळीचं एवढं का? रश्श्याच्या पातेल्यात तेल वर असतं. पळी वरच्यावर फिरवून काढली की वाटीत तर्रीच जास्त येते, आणि गिऱ्हाईक खूश होतं म्हणून वाढपी मुद्दाम तशी काढतो. तीच पळी सरळ तळाला नेऊन वर उचलली तर मसाला, कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि पाणी येतं, तेल कमी. त्याच पातेल्यातली वाटी, फरक फक्त हाताचा.

आणखी काही वाक्यं तोंडपाठ असू द्या. "रोटीला बटर नको." "तंदुरी रोटी आट्याची आहे का मैद्याची?" (कित्येक ठिकाणी दोन्ही पिठं मिसळलेली असतात, विचारलं की खरं सांगतात.) "हाफ मिळेल का?" "ताकात मीठ वेगळं द्या." "पापड भाजून." काउंटरवर मालक ओळखीचे असतील तर आणखी सोपं. इथे अण्णा, मामा, काका म्हणून आवाज दिला की सोलापूरचा माणूस मोडता घालत नाही. गर्दीच्या वेळी मात्र चार चार बदल सांगू नका, एखादाच सांगा आणि तो ताटात आलाय का बघा.

पायरी पाचवी: आधी काय खायचं, नंतर काय

ऑर्डर एकदम देऊ नका. पहिल्या फेरीत कांदा-काकडी-टोमॅटो, दही किंवा ताक, आणि उसळ किंवा तंदुरी चिकनसारखं काही. भाकरी-रोटी दुसऱ्या फेरीत. भात तिसऱ्या फेरीत, तोही विचारून की खरंच कुणाला हवाय का. भाजी आणि प्रथिनं पोटात आधी गेली की नंतरच्या भाकरी-भाताने रक्तातली साखर तितकी झपाट्याने चढत नाही. मधुमेह असलेल्यांना याचा उपयोग जास्त, पण बाकीच्यांनाही होतो, कारण तिसऱ्या फेरीपर्यंत अर्धं पोट भरलेलं असतं.

भाकरीबद्दल थोडं सविस्तर. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीलाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ती आपल्या जिल्ह्याची शान आहे यात शंका नाही. ज्वारीत शंभर ग्रॅममागे साधारण दहा ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढाच तंतुमय भाग असतो. मैद्याच्या नानपेक्षा ती कितीतरी सरस. शिवाय भाकरीत सहसा मीठही नसतं, हे बीपीवाल्यांनी लक्षात ठेवावं. पण भाकरी चांगली म्हणून चार खाल्ल्या तर चालतं असं नाही. मध्यम भाकरीला पन्नास-साठ ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे पावणेदोनशे ते दोनशे कॅलरी.

कडक भाकरीने तर भलेभले फसतात. ती हातात घेतली की पापडासारखी हलकी लागते, म्हणून लोक गप्पा मारता मारता चुरत खातात. तिच्यातून गेलंय ते फक्त पाणी. पीठ तेवढंच आहे. पाणी नसल्यामुळे पोट भरल्याची जाणीव उशिरा होते आणि रश्श्यात चुरली की ती रस्सा ओढून घेते, सोबत वरचं तेलही. कडक भाकरी खायची तर मोजून पानात काढा, टोपली टेबलावर ठेवू नका.

शेंगा चटणीचंही असंच. उखळात कुटलेली, लसणाची, तेल सुटलेली सोलापुरी चटणी समोर असताना कमी खा म्हणणं जिवावर येतं. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास स्निग्धांश आणि पाव भाग प्रथिनं. चांगला पदार्थ आहे, फक्त दाट आहे. तीस ग्रॅम चटणी, म्हणजे दोन भरगच्च चमचे, दीडशे-पावणेदोनशे कॅलरींना जाते. तिच्यावर पुन्हा कच्चं तेल ओतून घ्यायची पद्धत आहे, तिथे दही घ्या. दह्यात कालवलेली चटणी जास्त भाकरीला पुरते आणि तिखटही सोसतं.

रस्सा 'अनलिमिटेड' असला की वाढपी बादली घेऊन फिरत राहतो. वाटी रिकामी दिसली की तो भरणारच, त्याचा दोष नाही. दुसऱ्यांदा घेतल्यावर वाटी उपडी ठेवा किंवा वर हात धरा.

आता जागेनुसार

मटण खानावळीपासून सुरू करू, कारण सोलापूरकर शेवटी तिथेच जातो. सुकं मटण, रस्सा, भाकरी, कांदा, लिंबू हे ताट मुळात वाईट नाही. त्यात प्रथिनं आहेत, लोह आहे. चरबी कुठल्या तुकड्यात हे डोळ्यांनी दिसतं, पांढरी कड असलेले तुकडे बाजूला ठेवता येतात. अळणी (मटणाचं साधं सूप) मिळत असेल तर आधी तेच मागवा: कमी मसाल्याचं, कमी तिखट, आणि गरम वाटीभर प्यायलं की भूक जरा शांत होते. मीठ मात्र त्यातही असतं. कलेजी लोहासाठी उत्तम, पण युरिक अॅसिड वाढलेल्यांनी तिच्याकडे बघू नये. खिमा दिसायला साधा, तरी तो कुठल्या भागाचा आणि त्यात चरबी किती हे कळायला मार्ग नसतो. दोघांत एक प्लेट मटण, एक उसळ किंवा पिठलं, असं मागवलं तर ताट समतोल होतं आणि बिलही. आठवड्यातून तीनदा मटण होत असेल तर त्यातल्या दोन वेळा चिकन किंवा अंडी घ्या. अंडाकरीची तर्री मटणाच्या रश्श्यासारखीच असते, त्यापेक्षा उकडलेली अंडी किंवा भुर्जी बरी.

शाकाहारी खानावळीत बाजार आमटी दिसली तर सोडू नका. वेगवेगळ्या डाळी एकत्र शिजवलेली ही आमटी आपल्या जिल्ह्याची ओळख आहे. त्यात भाकरी कुस्करून खाल्ली की वेगळी भाजी नसली तरी चालतं. दात नसलेल्या आजी-आजोबांनाही सोयीची. तर्रीचा नियम इथेही तोच.

सकाळी पूर्व भागात इडलीच्या गाड्यांवर वाफाळती इडली मिळते. वाफवलेली, आंबवलेली, तेल नाही. बाहेरच्या नाश्त्यात याहून बरं फारसं काही सापडत नाही. पण इडली मुख्यतः तांदळाची, आणि मऊ इडल्या किती गेल्या ते कळत नाही. दोन-तीन इडल्या आणि सांबार दोनदा घ्या, सांबारातल्या डाळ-भाज्यांनी पोट भरतं. वडा हवाच असेल तर इडली-वडा एक-एक. डोश्यात कांदा-टोमॅटोचा उत्तप्पा बरा, लोणी डोसा महिन्यातून कधीतरी. चुरमुऱ्यांचा सुशीला हलका नाश्ता आहे, त्याला शेंगदाण्यांनी थोडा जोर येतो. शेजारी मिरची भजी ठेवली की हलकेपणा संपला.

पावभाजीत भाजी खरंच असते. बटर तीनदा पडतं: तव्यावर, पावाला आणि शेवटी वरून. "बटर एकदाच" म्हणा. जोडी दोनच, जास्त भूक असेल तर भाजी जास्तीची मागवा, पाव नको. भज्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. चौघांत एक प्लेट, गरम असतानाच, आणि तेल ताजं असेल तरच.

पुणे रोड, हैदराबाद रोड, तुळजापूर रोडवरच्या ढाब्यांवर दाल तडका, तंदुरी चिकन, भुर्जी, भाकरी यांवर उत्तम जेवण होतं. तिथे घात होतो तो वाट बघताना. ऑर्डर यायला अर्धा तास, तोवर मसाला शेंगदाणे, चकली, कोल्ड्रिंक. बसल्या बसल्या आधी काकडी मागवा. ड्रिंक घेणाऱ्यांनी हे आणखी पाळावं, कारण दारूच्या कॅलरी वेगळ्या आणि तिच्यासोबतचा चकणा वेगळा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर रिकाम्या पोटी दारूने साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

अनलिमिटेड थाळीला पैसे वसूल करायच्या इर्षेने जाऊ नका, एवढंच.

पेय आणि गोड

पाव लिटर कोल्ड्रिंकमध्ये साधारण २६ ग्रॅम साखर असते. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. म्हणजे जेवणाआधीच कोटा पूर्ण. उसाचा रस 'नैसर्गिक' असला तरी साखरेचं पाणीच आहे. गोड लस्सी म्हणजे गोडच पदार्थ, ती घेतली तर आईस्क्रीम नको. ताक सगळ्यात चांगलं, मीठ बेताचं असेल तर. लिंबू सोड्यात "गोड नको, खारा" म्हणणाऱ्या बीपीवाल्यांनी ग्लासात किती मीठ पडतंय ते एकदा उभं राहून बघावं.

शेंगा पोळीत गूळ आहे म्हणून मधुमेहाला चालते, हा समज फार पक्का आहे. चालत नाही. गूळही साखरच वाढवतो. अर्धी पोळी, जेवणाच्या शेवटी, भात न घेता, असा सौदा करता येतो. नुसत्या पोळीवर तूप मात्र वाटीने नको.

मधुमेह आणि बीपी असलेल्यांसाठी

जेवण कधी येईल याचा हॉटेलात नेम नसतो. जेवणाआधीचं जलद काम करणारं इन्सुलिन घरून घेऊन निघालात आणि टेबल मिळायला पाऊण तास गेला, तर साखर उतरते. आपलं इन्सुलिन किंवा गोळी नेमकी कधी घ्यायची हे डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा. "बाहेर जेवायला जातो तेव्हा काय करू?" असा सरळ प्रश्न विचारा, ते सांगतात. खिशात दोन-चार ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साधी साखरेची पुडी असू द्या. घाम, थरथर, एकदम गळून गेल्यासारखं झालं तर आधी ती खायची, मग बाकीचं. आणि आज हॉटेलात जायचंय म्हणून स्वतःच्या मनाने गोळी वाढवायची किंवा चुकवायची नाही.

बीपीसाठी रश्श्यापेक्षाही आजूबाजूच्या गोष्टी बघा. लोणचं, पापड, खारवलेली मिरची, मसाला मारलेलं सॅलड, खारं ताक, चटणी. प्रत्येकात मीठ थोडं, एकत्र केलं की भरपूर. यातलं एकच ठेवा. ठेचा आवडत असेल तर ठेचा ठेवा आणि बाकीचे टेबलावरून उचलायला सांगा, समोर राहिले की हात जातो. किडनीचा त्रास असलेल्यांना हे सगळे नियम जसेच्या तसे लागू नाहीत. डाळी, मटण, दही यांचं प्रमाण त्यांच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेलं असतं, तेच पाळा.

जेवण झाल्यावर

गाडी मुद्दाम थोडी लांब लावा. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं रमतगमत चाललं तरी साखरेची चढण कमी होते. दुसऱ्या दिवशी उपास करून भरपाई करायला जाऊ नका, नाहीतर संध्याकाळी पुन्हा तीच भूक आणि तोच मसाला पापड. नेहमीचं जेवा, फक्त त्या दिवशी भाजी जास्त आणि तळलेलं काही नको.

पानात उरलंय म्हणून संपवायची सवय मोडायला पार्सल हा सोपा उपाय. स्टीलचा एक डबा गाडीत ठेवून द्या, गरम रस्सा पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आणायची वेळ येत नाही. जेवण आलं की सुरुवातीलाच जास्तीचा भाग उष्टा न करता डब्यात काढा. टेबलावर आल्यापासून दोन तासांच्या आत ते फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, उन्हाळ्यात तासाभरातच. दुसऱ्या दिवशी काढल्यावर मटणाच्या रश्श्यावर चरबीचा पांढुरका थर गोठलेला दिसेल. रस्सा हलवायच्या आधी तो चमच्याने उचलून टाका, मग खळखळून उकळी आणा आणि एकदाच, लागेल तेवढाच गरम करून खा.